फोटो कुणी काढला?

आपल्या बोलण्यात 'काढणं' हे क्रियापद फार कामाचं आहे. विहिरीतून पाणी काढतात, म्हशीची धार काढतात, पायातला काटा काढतात, सोसायटीतून कर्ज काढतात, वाईट दिवस काढतात, आणि कुणाची खोडीही काढतात. यातल्या बहुतेक ठिकाणी काहीतरी आत असतं आणि ते बाहेर येतं. फोटोही आपण काढतोच. पण इथं आमच्या कृष्णाकाठच्या बोलीत एक गंमत होते, जिच्याकडे माझं लक्ष बऱ्याच उशिरा गेलं.

गावातली जुनी माणसं म्हणतात, "आमी लग्नात जोडीनं फोटो काडला." कॅमेरा तर त्यांनी हातात धरलेला नसतो. तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढं श्वास धरून ते बसलेले असतात. तरी फोटो 'काढणारे' तेच. खटका दाबणारा माणूस त्या वाक्यात नसतोच. त्याला 'फोटोवाला' म्हणतात, जसं मापं घेणाऱ्याला शिंपी म्हणतात. झंपर शिंप्यानं शिवला तरी "मी झंपर शिवला" असंच बायका म्हणतात, तसंच हे.

शहरात शिकून आलेला माणूस मात्र म्हणतो, "मी आजीचा फोटो काढला." इथं काढणारा तो, आणि आजी नुसती 'आजीचा' एवढ्यापुरती उरली. दोन्ही वाक्यं मराठी म्हणून बरोबर आहेत. त्यामुळं प्रश्न व्याकरणाचा राहत नाही. फोटो खरा कुणाचा, समोर बसणाऱ्याचा की बटण दाबणाऱ्याचा, असा तो आहे. कॅमेरा मोठा आणि महाग होता तोवर हा प्रश्न फारसा कुणाला पडला नसावा. हातातला कॅमेरा लहान झाला तेव्हा तो मला पडला.

जुन्या काळी फोटो काढणं ही जायची गोष्ट होती. जत्रेला जातात तसं फोटो काढायला जायचं. घडीचं लुगडं, शेजारणीची नथ मागून आणलेली, पोराच्या डोक्याला तेल. स्टुडिओत लाकडी खुर्ची, बाजूला तिवईवर कागदी फुलं. पैसे द्यायचे, आठ दिवसांनी पुन्हा तालुक्याला जायचं आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो घेऊन यायचं. गावात एखाद्याकडं आग्फाचा क्लिक थ्री हा डबा कॅमेरा असायचा. त्यात १२० नंबरच्या रोलवर १२ फोटो निघत. बाराच फोटो म्हटल्यावर कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही, याची घरात चर्चा व्हायची. त्यामुळं आपला फोटो निघतोय हे ज्याचा निघायचा त्याला पक्कं ठाऊक असायचं. तो त्यात अर्धा भागीदार असायचा, कधीकधी पुरा मालक.

कायद्यालाही हे दिसलेलं आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो घेणारा. पण एखाद्यानं पैसे मोजून, आपल्या सांगण्यावरून फोटो काढवून घेतला असेल आणि दोघांत दुसरं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो काढवून घेणारा. म्हणजे स्टुडिओत बसलेली आमची म्हातारी माणसं "आमी फोटो काडला" म्हणत होती, ते कायद्यानंही फारसं चुकीचं नव्हतं. आता उलट बाजू बघा. जिनं पैसे दिले नाहीत, जिला कुणी विचारलं नाही, आणि जिचा फोटो कुणी बांधावरून फुकट काढून नेला, ती बाई त्या फोटोची मालकीण नाही. जो पैसे मोजू शकतो त्याचा चेहरा त्याचा, आणि जो मोजू शकत नाही त्याच्या चेहऱ्याचा फोटो दुसऱ्याचा. कायद्याचा हेतू काही असा नसेल. पण गावात वावरताना त्याचा अर्थ असा लागतो खरा.

नोकरी संपल्यावर मी भिंग बदलता येणारा एक छोटा कॅमेरा घेतला. हौस जुनीच होती. थोरले कॅमेरे वागवायला मान आणि खांदा दोन्ही पाहिजेत, म्हणून हा. सदऱ्याच्या मोठ्या खिशात मावतो. याची गोम अशी. जुन्या थोरल्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागं तिरका आरसा असतो. भिंगातून आलेलं चित्र आरसा वर ढकलतो, ते आपल्या डोळ्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा खाडकन वर उचलला जातो आणि मागच्या फिल्मवर किंवा सेन्सरवर उजेड पडतो. तो 'खटॅक' आवाज आरशाचा. या आरशाला जागा लागते, म्हणून भिंगाची बैठक आणि सेन्सर यांच्यात ४० मिलिमीटरच्या पुढंमागं अंतर ठेवावं लागतं. आरसाच काढून टाकला आणि सेन्सरवरचं चित्र सरळ मागच्या पडद्यावर दाखवलं, तर ते अंतर निम्म्यावर येतं. २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन जपानी कंपन्यांनी मिळून ही तऱ्हा बाजारात आणली. ऑलिंपसनं पुढच्या वर्षी त्यातल्या आपल्या कॅमेऱ्याला 'पेन' हे १९५९ मधल्या आपल्याच एका लहान कॅमेऱ्याचं नाव दिलं. तो जुना पेन ३६ फोटोंच्या रोलवर अर्ध्या आकाराचे ७२ फोटो काढायचा. काटकसरीचं यंत्र होतं ते.

पहिले आठ दिवस मी घरातच खेळलो. या कॅमेऱ्याला माणसाचं तोंड ओळखता येतं. पडद्यावर तोंडाभोवती चौकट उमटते. सोप्यात कॅमेरा फिरवला तर चौकट आधी भिंतीवर हार घातलेल्या आजोबांच्या फोटोवर बसली, मग दिनदर्शिकेवरच्या दत्तावर, आणि खाली बसून शेंगा फोडणारी बायको तिला शेवटी सापडली. बायको म्हणाली, "बरोबर हाय, माझा नंबर सगळ्यांच्या मागं." पडदा उचलून आडवा करता येतो, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून वरून बघत फोटो निघतो. आणि आवाज पूर्ण बंद करता येतो. अगदी पूर्ण. बटण दाबलं तरी काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ट्यूबलाइटखाली असा बिनआवाजी फोटो काढला तर त्यावर कधीकधी आडवे काळे पट्टे येतात, एवढीच त्याची खोड. उन्हात तेही नाही.

हा आवाज बंद करायचा पर्याय मला सापडला आणि तिथंच माझा खेळ थांबून विचार सुरू झाला. पोटाशी धरलेला, खिशात मावणारा, मुका कॅमेरा. समोरच्याला वाटणार, बाबा काहीतरी बटणं चाळवत बसलाय. त्याचा फोटो निघून गेलेला असणार. थोरला कॅमेरा आपोआप परवानगी मागायचा. तो दिसायचा, वाजायचा, माणसं सावरून बसायची. लहान कॅमेऱ्यानं ते मागणं काढून टाकलं. आता विचारायचं असेल तर ते माझं मलाच विचारावं लागणार होतं.

दुसरा विचार भिंगांवरून सुचला. माझ्याकडं तीन भिंगं झाली. एक १७ मिलिमीटरचं, एक ४५ चं आणि एक लांब, १५० पर्यंत जाणारं. दुकानदार सांगतो, हे निसर्गासाठी, हे चेहऱ्यासाठी, हे पक्ष्यांसाठी. मी त्यांचा हिशेब दुसऱ्या तऱ्हेनं केला. उभं माणूस पायापासून डोक्यापर्यंत चौकटीत बसवायचं, तर १७ च्या भिंगानं साधारण ६ फुटांवर उभं राहावं लागतं, ४५ च्या भिंगानं १५ फुटांवर, आणि १५० च्या भिंगानं जवळजवळ ५० फुटांवर. ६ फूट म्हणजे अंगणात. तिथं "काय चाललंय?" असं विचारल्याशिवाय उभं राहता येत नाही, बहुधा चहाही घ्यावा लागतो. १५ फूट म्हणजे रस्त्यावर, हाक मारली तर ऐकू जाते. आणि ५० फूट म्हणजे पलीकडचा बांध. तिथून माणसाच्या कपाळावरचा घाम फोटोत येतो, पण त्या माणसाला आपण आहोत याचाच पत्ता नसतो. भिंग बदललं की माणसापासूनचं आपलं अंतर बदलतं, आणि अंतराबरोबर वागणं बदलतं. पाखरासाठी ५० फूट ठीक आहे, पाखराची अडचण वेगळी. माणसासाठी मी १७ चं भिंग लावून टाकलं आणि आवाज चालू ठेवला. एवढं केलं की प्रश्न सुटला, असं काही दिवस वाटत होतं.

माझी थोरली चुलती आहे. सगळा गाव तिला आक्का म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, पण परड्यात अजून स्वतः शेणी लावते. एका दुपारी कलतं ऊन परड्यात आलं होतं आणि ती शेणी लावत होती. जुनं विटकं लुगडं वर खोचलेलं, झंपराला खांद्यावर ठिगळ, हात कोपरापर्यंत शेणात, पदर डोक्यावरून खाली आलेला आणि पांढरे केस उन्हात पिंजलेले. मी विचारलं, "आक्का, फोटो काढू का?" ती म्हणाली, "काड की. त्येला काय इचारायचं?" मी काढला. नेमकं त्याच वेळी कुंपणावरून एक कोंबडी धपकन शेणाच्या पाटीत पडली आणि आक्का तोंड भरून हसली. हात तसाच भिंतीवर, पाचही बोटं शेणीत उमटलेली.

मी गेली कितीतरी वर्षं फोटो काढतोय. असा फोटो मला कधी मिळाला नव्हता. मी तिला पडद्यावर दाखवला. तिनं हात धुतले, चष्मा आणला, कॅमेरा लांब धरून बराच वेळ बघितलं.

"ही कोण म्हनायची?"

"तूच की, आक्का."

"डोक्याव पदर न्हाई. हातभर श्यान. पूस त्ये."

मी म्हटलं, "आक्का, आजवर काढलेल्यातला हा सगळ्यात चांगला फोटो आहे माझा."

"तुजा चांगला असंल. पर फोटू माजा हाय न्हवं?"

"अगं, पण यात खोटं काय आहे? तू रोज शेणी लावतेसच की."

"खोटं काय बी न्हाई, म्हनून तर नगं. खोटं असतं तर हासून सोडलं असतं. उद्या मी गेल्याव ह्योच मोटा करून भित्तीला लावशीला. नातसुना येतील, पंतवंडं येतील. म्हनतील, म्हातारी जलमभर शेनातच हुती. मी शेनात हात घाटला म्हनून तुमी शिकलासा, ह्ये फोटूत कुटं दिसतंय?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं असं नाही. उत्तरं होती. कष्टात लाज कसली, असं म्हणता आलं असतं. शहरात अशा फोटोचं प्रदर्शन भरतं, लोक वाखाणतात, तिच्या हातांकडं बघून चार माणसं आपल्या आईला आठवतील, हेही सांगता आलं असतं. पण ही सगळी उत्तरं फोटो बघणाऱ्यांच्या बाजूची होती. बसणारीच्या बाजूचं एकही नव्हतं. कष्टाची लाज तिला नव्हतीच. कष्ट लपवायचे असते तर तिनं मला परड्यात येऊच दिलं नसतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. ऐंशी वर्षांतला एकच तुकडा भिंतीवर उरणार असेल तर तो कुठला, हे मी ठरवणार.

मी तिच्यासमोर फोटो पुसला. दोन बटणांचं काम. "गेला न्हवं खरंच?" म्हणून तिनं खात्री करून घेतली.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. कार्डावरचा फोटो पुसला म्हणजे तो लगेच जात नाही. कॅमेरा फक्त एवढं नोंदवतो की ही जागा आता मोकळी आहे. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना फोटो आत असतो, आणि साध्या सॉफ्टवेअरनं तो परत काढता येतो. पुन्हा तेच क्रियापद. ते सॉफ्टवेअर मुलाच्या लॅपटॉपवर होतं. आक्काला हे कळायचं कारण नव्हतं, आणि कळलंही नसतं. रात्री जेवण झाल्यावर कार्ड माझ्यासमोर टेबलावर होतं.

जिला कधीच कळणार नाही, तिला दिलेला शब्द पाळायचा कशासाठी? नीतीचे मोठे ग्रंथ यावर काय म्हणतात ते म्हणोत. माझ्यापुरता हिशेब असा झाला. आक्कानं "गेला न्हवं?" विचारलं तेव्हा तिनं माझ्या कॅमेऱ्यावर विश्वास टाकला नव्हता, तिला त्यातलं काही कळत नाही. तिनं माझ्यावर टाकला होता. जिथं समोरच्याला तपासता येत नाही, तिथंच विश्वास टाकावा लागतो. तपासता आलं असतं तर विश्वासाची गरजच काय होती? सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता न येणाऱ्या माणसानं अंगठा उठवायचा, आणि वही लिहिणाऱ्यानं बरोबर लिहायचं. आमच्या भागात अशा वह्यांनी किती जमिनी गेल्या, ते घराघराला ठाऊक आहे. तो अंगठा आणि आक्काचं "गेला न्हवं?" यांत मला फरक दिसेना.

कार्ड लहान होतं, ८ जीबीचं. सकाळी मी कॅमेरा अंगणातल्या कट्ट्यावर ठेवला आणि व्हिडिओ चालू करून दिला. कोंबड्या, रस्ता, दुधाची गाडी, शाळेला जाणारी पोरं. तासाभरात कार्ड भरलं. मग फोटो खरोखर गेला.

तो फोटो चांगला होता, हे मी आजही म्हणतो. आक्काचा नकार बरोबर होता, हेही म्हणतो. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. चांगली जमीन दुसऱ्याची असली तर ती चांगली नाही, असं कोण म्हणतं? फक्त ती आपली होत नाही.

दोन दिवसांनी तिनंच बोलावणं धाडलं. इरकल नेसून, केस चापून, डोक्यावर पदर घेऊन ती सोप्यात खुर्चीवर बसली होती. पाय जुळवलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट भिंगात, हसू नाही. अगदी जुन्या स्टुडिओतल्यासारखं. मी तीन काढले, तिनं एक निवडला. माझ्या हौशी डोळ्याला तो आधी साधाच वाटला. मोठा करून बघितल्यावर हात दिसले. तिनं ते घासून घासून धुतले होते, पण बोटांच्या भेगांतलं काळं निघालं नव्हतं. ते तिनं बघितलं, आणि त्याला तिची हरकत नव्हती.

हे वाचून एखादा म्हणेल, असं प्रत्येकाला विचारत बसलं तर जगाला खरं काय ते कळणारच नाही. सगळे इरकल नेसून बसतील. हा आक्षेप खरा आहे आणि मला तो उडवून लावता येत नाही. त्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमो या ठिकाणी वाटाणा तोडायला आलेले मजूर अडकून पडले होते. थंडीनं पीक गेलं होतं, काम नव्हतं. डोरोथिया लँग ही बाई सरकारी खात्यासाठी फोटो काढत फिरत होती. तिनं तिथं तंबूतल्या एका आईचे आणि तिच्या पोरांचे थोडे फोटो काढले. त्यातला एक जगभर गाजला. त्या दशकातल्या मंदीचा चेहरा म्हणून आजही तोच छापतात. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर त्या मजुरांच्या तळावर सरकारकडून अन्न पोचलं. म्हणजे फोटोनं काम केलं.

पण लँगनं त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. हे तिनंच पुढं लिहून ठेवलं आहे. नाव जगाला कळलं १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही आणि तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. पुढं १९८३ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा हाच फोटो आठवून लोकांनी हजारो डॉलर तिच्या उपचारांसाठी पाठवले. आता यात बरोबर कोण? उपाशी माणसांना अन्न मिळालं हे खरं. एक बाई चाळीसहून जास्त वर्षं स्वतःच्या चेहऱ्याला परकी राहिली, हेही खरं. मला वाटतं, लँगनं फोटो काढला यात काही वाईट नव्हतं. पण नाव विचारायला एक मिनिट लागलं असतं, आणि त्या मिनिटानं फोटो जराही कमी झाला नसता.

मराठीत याचं दुसरं टोक आपल्याजवळच आहे. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी असलेली माणसं. तिथं इरकल नाही, सगळं उघडं आहे. पण ते काम त्या माणसांमध्ये वर्षानुवर्षं वावरून झालं. म्हणजे खरं दाखवायचं असेल तर दुरून चोरायचं, असा काही नियम नाही. वेळ द्यावा लागतो, एवढंच.

आणि एक भेद मला करावासा वाटतो. ज्याच्या हातात सत्ता आहे, त्यानं काही लपवलं असेल तर त्याला विचारून फोटो काढायची गरज नाही. रात्री नदीतून वाळू उपसणाऱ्याला कुणी "काढू का?" विचारत नाही. मुका कॅमेरा तिथं कामाचा. विचारायचं ते ज्याच्याजवळ 'नको' म्हणायची ताकद कमी आहे, त्याला. आपण नेमकं उलट करतो. पुढाऱ्याचा फोटो त्याला हवा तसा काढतो, आणि मजुराचा आपल्याला हवा तसा.

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बरीचशी माणसं बीडकडची. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, माणसं मोजायचं मापच ते. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला हंगामभर तोडायचं. पाटाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. गेल्या हंगामात मी तिकडं कॅमेरा घेऊन गेलो. मुकादम भेटला. म्हणाला, "काढा की सर, कुणाचा बी काढा." त्यानं ज्या सहजपणे सगळ्यांच्या वतीनं परवानगी दिली, ती घ्यावीशी वाटेना. उचल दिली म्हणून चेहरेही त्याचे झाले होते काय?

एक बाई मोळ्या बांधत होती, मूल चिपाडावर बसलेलं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आमचा फोटो नुस्ता आधार कार्डावर हाये. काढा, पण असा नको. थांबा." कोपीत गेली. दहा मिनिटांनी आली तेव्हा केस विंचरलेले, लुगडं बदललेलं, पोराच्या तोंडाला पावडर आणि गालाला तीट. मला म्हणाली, "कोप्या दिसू देऊ नका. मागं नुस्ता ऊस दिसू द्या."

तसाच काढला. मागं दहा-बारा फूट उंच हिरवागार ऊस, पुढं ती, कडेवर पोर. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, रान तिचंच आहे, आणि धनीण पीक बघायला आलीय. कोपी नाही, कोयता नाही, उचल नाही. ऊसतोडीबद्दल काही सांगावं असं त्या फोटोत काहीच नाही. आणि तरी मला वाटतं, रोज पहाटे उठून दुसऱ्याचा ऊस तोडणाऱ्या बाईला काय हवं असतं, ते त्यात आहे. ते मला बांधावरून दिसलं नसतं. ते तिनं काढलं.

फोटो छापून आणायला मला तालुक्याला जायला पाच-सहा दिवस गेले. परत आलो तोवर आमच्याकडचा ऊस संपून टोळी दुसऱ्या गटात हलली होती, तिथून आणखी पुढं. मुकादमाचा फोन लागत नाही. कुठल्या तालुक्यातली ते तिनं सांगितलं होतं, गाव सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा येतील. तीच टोळी आमच्या शिवारात येईल असं नाही, पण कारखाना तोच असेल, तर पाटावर जाऊन विचारता येईल.

दोन प्रती आहेत, एक तिला, एक तिच्या माहेरी द्यायला. तसं तिनंच सांगितलं होतं. पाकीट कपाटात ठेवलंय. त्यावर तिचं नाव आहे. ते इथं लिहीत नाही, कारण ते तिनं मला पाकिटावर घालायला सांगितलं होतं.